कच्चं तेल, कच्चा मासा

समुद्र आमच्याकडे वाळून यायचा. आठवडी बाजारात सगळ्यात शेवटी, मिरच्यांच्या ओळीच्याही पलीकडे, गोणपाटावर त्याचे ढीग मांडलेले असत: बोंबील, सुकट, जवळा. वारा फिरला की अर्ध्या बाजाराच्या नाकाला पदर लागे. ज्यांना घ्यायचं असे ती माणसं मात्र काही न बोलता तिकडं वळत, पुडी पिशवीच्या तळाशी घालत आणि वर मेथीची जुडी ठेवत. माझं माहेर औसा तालुक्यातलं. तिथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढं. लग्न होऊन नांदेडला आले, तर तो आणखीच लांब गेला. नांदेडची गंमत अशी की पश्चिमेचा समुद्र आणि पूर्वेचा समुद्र, दोन्ही जवळजवळ सारखेच दूर. नकाशावर बोट ठेवलं की ते देशाच्या पोटात रुततं.

समुद्राची आणखी एक वस्तू आमच्यापर्यंत पोचत असे, ती म्हणजे मीठ. रेल्वे येण्याआधी ते लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून यायचं. किनाऱ्यावरून मीठ घेऊन वर यायचं, घाटावरून धान्य घेऊन खाली जायचं, असा तांड्यांचा शेकडो वर्षांचा उद्योग. म्हणजे समुद्रातलं जे जे टिकाऊ, ते आमच्या वाट्याला; जे नाशवंत, ते किनाऱ्यावरच्यांनी खाऊन टाकायचं. वाटणी काही वाईट नव्हती. आम्हांला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

आई बोंबील घरात भाजत नसे. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल, तिच्यासाठी वेगळा तवा आणि तो तवा ठेवायला गोठ्याच्या भिंतीतला वेगळा कोनाडा. वशाट ते घराबाहेर. बोंबलाचं डोकं-शेपूट मोडायचं, तुकडे तव्यावर खरपूस होईतो हलवायचे, मग खलबत्त्यात हिरवी मिरची, लसूण, मिठाचे खडे. बोंबील पार पीठ होऊ द्यायचा नाही; दाताखाली धागा लागला पाहिजे. मग फोडलेला कांदा, आणि सगळ्यात शेवटी करडईचं तेल. कच्चं. ते तापवायचं नाही, त्यात मोहरी टाकायची नाही, त्याला आगीची ओळखसुद्धा करून द्यायची नाही. तांब्याच्या पळीनं ते वरून सोडलं की आई हातानं सगळं कालवायची, आणि त्या क्षणी बोंबलाचा उग्र वास खाली बसून तेलाचा गोडसर वास वर यायचा. ज्वारीची भाकरी, ती चटणी, आणि पाटाच्या कडेला उपटून आणलेली घोळ किंवा पाथरी. नुसती धुतलेली, कच्ची.

कच्च्या तेलावर मी तासभर बोलू शकते. बाहेरच्या माणसाला मराठवाड्याचं जेवण म्हटलं की काळं तिखट, येसराची आमटी, तर्री असलं काहीतरी उकळतं, लालभडक आठवतं. ते आहेच. पण ते पाहुण्यांचं, लग्नाकार्याचं जेवण. घरातल्या घरात, दुपारी चारला भूक लागते तेव्हा आम्ही काही उकळत नाही. परातीत चुरमुरे घेतो, त्यावर मेतकूट, तिखट, मीठ, शेंगदाणे, डाळं, कांदा आणि वरून कच्चं तेल; झाला कच्चा चिवडा. रात्री भात उरला तर सकाळी त्यावर तिखट आणि तेल. कारळाची चटणी तेलात भिजवून. जवसाची तशीच. उन्हाळ्यात कैरी किसून तीत तिखट-तेल. ज्वारी-बाजरीच्या या मुलखात भात तसा सणासुदीचा, पाहुणा. पण आला की त्याचा पाहुणचार तेलानंच व्हायचा. तुपाची धार वरणभातावर. तिखटाबरोबर मात्र तेल.

आणि तेल म्हणजे करडईचं. रब्बीत ज्वारीच्या शेताला कडेनं करडईच्या काकऱ्या असायच्या. काटेरी पीक; त्यातून ढोरं शेतात शिरत नाहीत, कुंपणाचं कुंपण. काढणी मात्र जीव खाते. ऊन चढलं की काटे कडक होतात, म्हणून पहाटे, दव असताना, हातापायांना चिंध्या गुंडाळून बाया शेतात उतरत. कोवळेपणी त्याच करडईची भाजी व्हायची, फुलं पिवळीची केशरी व्हायची, आणि शेवटी पांढऱ्याशुभ्र बिया गाडीत बसून घाणीला जायच्या. परभणीच्या कृषी विद्यापीठानं परभणी कुसुमसारखे नवे वाण काढले, पण तोवर शेतकऱ्याचं मन सोयाबीनकडं वळलं होतं. आता लातूरची बाजार समिती सोयाबीनसाठी देशभर ओळखली जाते, तिथला भाव बघून दुसरीकडचे व्यापारी आपला भाव ठरवतात, आणि करडईच्या घाणीचं तेल विचारलं तर दुकानदार आधी आपल्या तोंडाकडं बघतो.

हे सगळं मनात वर आलं ते माझ्या भाचीमुळं. लातूर पॅटर्नमध्ये घासून निघालेली ही मुलगी, आता हैदराबादला नोकरीला. फोनवर म्हणाली, “मावशी, या वेळी मी एक वस्तू आणायलेय. फ्रीजचा वरचा खण रिकामा ठेव. आणि आजीला आधीच सांगू नकोस.”

देवगिरी एक्सप्रेसनं ती संध्याकाळी उतरली ते थर्माकोलचं खोकं छातीशी धरून. त्यात बर्फाच्या निळ्या पिशव्या, आणि मधोमध हवाबंद प्लॅस्टिकमध्ये दगडासारखा गोठलेला, डाळिंबी रंगाचा एक ठोकळा. टूना. हिच्या कार्यालयातलं कुणी हवाई बेटांवर जाऊन आलं होतं, त्यानं तिथल्या पद्धतीनं केलेला तिखट कच्चा मासा आणि भात सगळ्यांना खाऊ घातला, आणि तेव्हापासून हिला तो घरी करून बघायचा होता. नाव त्याचं पोके. “शिजवायचा नाही?” मी विचारलं. “शिजवायचा नाही,” ती म्हणाली. सासूबाई आतल्या खोलीत होत्या. मी दार लोटून घेतलं.

हवाईचं मला ठाऊक होतं ते एवढंच, की शाळेच्या नकाशात पॅसिफिकच्या निळ्यात चार-सहा ठिपके असतात. आता त्या ठिपक्यांवरचं जेवण माझ्या ओट्यावर गोठून पडलं होतं, तेव्हा वाचणं भाग होतं. वाचता वाचता मी गुंतले. तिथले मूळ रहिवासी किनाऱ्यालगतचे मासे कापून त्यात तीन वस्तू कालवत: समुद्राचं मीठ, समुद्रातलं शेवाळ, आणि कुकुई नावाच्या झाडाच्या बियांचं भाजून कुटलेलं कूट. कुकुई म्हणजे आपण ज्याला जंगली अक्रोड म्हणतो त्याच जातीचं. बी इतकी तेलकट की काडीला ओवून पेटवली तर दिव्यासारखी जळते. तिथले लोक तशी जाळतही. पण कच्ची खाल्ली तर पोट धरून बसावं लागतं, म्हणून ती आधी भाजायची, मग मिठाबरोबर कुटायची. मी हे वाचलं आणि उठून फडताळातली कारळाच्या चटणीची बरणी काढली. भाजलेली तेलबी, मीठ, खलबत्ता. माणसं एकमेकांना न विचारता किती ठिकाणी त्याच गोष्टीपाशी येऊन थांबलेली असतात.

मग तिथं उसाचे मळे आले. मळ्यांवर राबायला 1852पासून चिनी मजूर, 1868ला जपान्यांची पहिली तुकडी आणि 1885पासून त्यांचे लोंढे, 1903पासून कोरियाचे लोक. जपान्यांनी सोयासॉस आणला, चिनी-कोरियन माणसांच्या हातून तिळाचं तेल आणि कांद्याची पात, तिखट या वस्तू रुळल्या. दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसाला जे झटपट आणि झणझणीत लागतं, ते मासा-मिठात शिरलं, खाली गरम भात आला. किनाऱ्यावरच्या माशांची जागा पुढं खोल समुद्रातल्या मोठ्या टूनानं घेतली. आज हॉटेलांत त्यात मेयोनेझ घालून ते नारिंगी, लिबलिबीत करतात. ते मला चित्र बघूनच आवडलं नाही, आणि भाचीलाही मी स्पष्ट सांगितलं की माझ्या घरात त्या डबीचं झाकण उघडणार नाही. ऊसतोडीचं जेवण म्हटल्यावर मात्र मला ते परकं राहिलं नाही. मराठवाड्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला माणसं कोयते घेऊन पश्चिमेला निघतात. पहाटे पाचटात बसून काय खाल्लं जातं ते मी पाहिलेलं आहे. भाकरी, तिखट, तेल.

पण मुद्दा माशाचा होता, आणि तो कच्चा होता. इथं मला थांबून विचार करावा लागला.

नांदेडला मासा नाही असं कुणी समजू नये. गोदावरी दाराशी आहे, वर विष्णुपुरीचा जलाशय आहे. रोहू, कटला, वाम, झिंगे सगळं मिळतं. आणि मरळ. भोयांच्या बायका मरळ घागरीत, हल्ली प्लॅस्टिकच्या टबात, जिवंत आणतात. हा मासा वर तोंड काढून हवा घेतो, म्हणून थोड्याशा पाण्यातही तासन्‌तास तगतो. गिऱ्हाईक येईपर्यंत तो टबात वळवळत असतो, शेपटीचा फटका मारून बाईच्या लुगड्यावर पाणी उडवतो. याहून ताजा मासा होनोलुलूच्या राजालाही मिळाला नसेल. माझ्या डोक्यात साहजिकच आलं: असला जिवंत मासा सोडून रेल्वेनं आलेला गोठका दगड कशाला?

उत्तर शोधलं तर ते पूर्ण उलटं निघालं. गोड्या पाण्यातला मासा कितीही ताजा, अगदी शेपूट हलवणारा असला तरी कच्चा खायचा नाही. त्याच्या मांसात अशा कृमींची पिल्लं असू शकतात ज्यांना माणसाचं शरीर चालतं. थायलंडच्या ईशान्य भागात नदी-तळ्यातला मासा कच्चा चिरून खायची जुनी रीत आहे, आणि तिथं यकृतातल्या कृमींनी आणि त्यातून होणाऱ्या पित्तनलिकेच्या कर्करोगानं पिढ्यान्‌पिढ्या माणसं नेली आहेत. मरळ तर असल्या पाहुण्यांना घर देण्यात पुढंच. लिंबू पिळलं, तिखट चोळलं म्हणून कृमी मरत नाहीत. त्याला आगच पाहिजे. समुद्रातल्या माशांसाठी अमेरिकेतला नियम असा की कच्चा वाढायचा तर उणे 20 अंशांत किमान सात दिवस ठेवायचा. टूनाच्या मोठ्या जातींना त्यातून सूट आहे, कारण त्यांच्यात हा त्रास क्वचित. मात्र टूनाचं दुखणं वेगळं. तो जरा उबेत राहिला की त्याच्या मांसात हिस्टामिन तयार होतं, आणि एकदा झालं की ते ना शिजवून जातं ना गोठवून. वास येत नाही, रंग बिघडत नाही; खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात.

म्हणजे डोळ्यांदेखत तडफडणारा मासा निषिद्ध, आणि किती आठवड्यांपूर्वी मेला ते सांगता येत नाही असा मासा चालतो. अट एकच, मेल्यापासून माझ्या ओट्यापर्यंत कुणीही त्याला उबेत ठेवलेलं नसावं. ताजेपणाचा माझा सगळा हिशेब त्या संध्याकाळी कोलमडला. आम्ही ताजेपणा अंतरावर मोजत आलो: मळ्यातलं, दारचं, गावातलं. इथं तो वाटेतल्या माणसांवर मोजायचा होता.

आणि वाट केवढी! टूना कधीच थांबत नाही. पोहत राहिला तरच त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहतं. थांबला की गुदमरतो. सतत चालणाऱ्या स्नायूंना प्राणवायू साठवून ठेवायला जो तांबडा पदार्थ लागतो, त्यानं त्याचं मांस बकऱ्यासारखं लाल असतं. रक्तही इतर माशांपेक्षा गरम. गळाला लागल्यावर झुंजला तर आणखी तापतं, इतकं की मांस आतल्या आत भाजल्यासारखं फिकट पडतं. म्हणून बोटीवर ओढताक्षणी त्याचं रक्त काढून त्याला बर्फात घालणारा हात हवा. भाचीच्या दुकानदारानं तिला सांगितलं होतं की मासा विशाखापट्टणमचा. तिकडचे मच्छीमार लहान बोटींतून खोल पाण्यात जाऊन दोरी-गळानं पिवळ्या पराचा टूना धरतात. म्हणजे तो बंगालच्या उपसागरातला. म्हणजे, मी भाचीला म्हटलं, आपली गोदावरी ज्या समुद्रात जाते त्यातला.

त्या विचारानं मला उगाचच बरं वाटलं. नगिना घाटाच्या पायऱ्यांवरून गेलेलं पाणी धर्माबादपासून पुढं तेलंगणात जातं, मग आंध्रात, राजमहेंद्रीपाशी फुगतं आणि समुद्राला मिळतं. त्या तोंडानं एक समुद्री मासा पावसाळ्यात आत येतोही. तेलुगू लोक त्याला पुलसा म्हणतात आणि त्याच्यासाठी हजारो रुपये मोजतात. पण धवळेश्वरमला आर्थर कॉटननं 1852मध्ये बंधारा पुरा केला, आता त्याच्या जागी नवा आहे. तिथं तो अडतो. त्यामुळं नांदेडला समुद्राचा मासा यायचा तर नदीनं नाही, रेल्वेनंच.

रेल्वेनं काहीही येऊ शकतं यावर लातूरकरांचा तर विश्वासच आहे. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली, पहिल्या फेरीत दहा टाक्यांतून पाच लाख लिटर, तेव्हा माझा भाऊ स्टेशनवर बघायला गेला होता. पाणी बघायला! तो अजून सांगतो की गाडी थांबली तेव्हा माणसांनी टाक्यांना हात लावून बघितले. मी भाचीच्या खोक्यावर हात ठेवला तेव्हा तेच आठवलं. प्रवासात तिनं ते एकदाही मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, औषध आहे का? हिनं हो म्हणून टाकलं.

रात्री हवाबंद पिशवीला कात्रीनं एक छेद देऊन मासा खालच्या खणात ठेवला. छेद यासाठी की बंद पिशवीत, हवा नसताना, वितळणाऱ्या माशात भलतेच जंतू वाढू शकतात. माझी सगळी रात्र विजेच्या काळजीत गेली. मे महिन्यातलं नांदेड, पारा चाळीसच्या वर, आणि डीपी कधी उडेल याचा नेम नाही. मी दोनदा उठून फ्रीजचा आवाज ऐकून आले. ह्यांनी झोपेत विचारलं, कोण आजारी आहे?

सकाळी बघितलं तर ठोकळा मऊ झालेला, बोट लावल्यावर थंडगार, रंग जरासा तपकिरीकडं झुकलेला. तो रंग बिघडल्याचा नाही, हवा लागल्याचा. उलट फार दिवस चेरीसारखा लालभडक राहणारा मासा असेल तर संशय घ्यावा, कारण काही जण तो रंग वायू देऊन टिकवतात. वास घेतला. वासच नव्हता. कोनाड्यातल्या तव्याच्या, गोणपाटाच्या, बाजाराच्या साऱ्या आठवणींना त्या वासाच्या नसण्यानं धक्का बसला. मासा म्हणजे वशाट, आणि वशाट म्हणजे वास, हेच तर आम्हांला माहीत. हा तर ओल्या दगडासारखा निर्गंध.

स्वच्छ धुवट फडक्यानं तो टिपला. सुरी धार लावून आणलेली. मांसाच्या रेषांना आडवं कापायचं, बोटाच्या पेराएवढे चौकोन, पांढरे चिवट पडदे काढून टाकायचे. विळीवर होणार नाही हे काम. पुढं-मागं घासलं की मांस फाटतं, एकाच ओढीत सुरी पार गेली पाहिजे. भाचीचा हात हलका होता. मी भाताकडं वळले. तिकडं लागतो तो आखूड, चिकट भात. नांदेडच्या दुकानांत तेलंगणातला तांदूळ भरलेला, सोना मसुरी, एचएमटी; सडसडीत, एकाला एक न चिकटणारा, बिर्याणी-खिचडीला छान. मी पुण्याहून आणलेला आंबेमोहोर काढला. आखूड दाणा, मऊ, मुठीत धरला तर एकजीव राहणारा. त्याच्या वासानं स्वयंपाकघर भरलं तेव्हा मात्र भाची कुरकुरली, की हवाईच्या भाताला असा वास नसतो. नसेना का.

शेवाळाची अडचण होती. समुद्राचं शेवाळ कुठून आणायचं? मला घोळ आठवली. जाडसर, रसाळ पानं, थोडी आंबट, थोडी खारट, दाताखाली कुरकुरणारी. परसात पाण्याच्या नळाशी ती आपोआप उगवते, कुणी पेरत नाही. देठासकट बारीक चिरून घेतली. कुकुईच्या जागी कारळं, तव्यावर तडतडेपर्यंत भाजून मिठाबरोबर अर्धवट कुटलेली, लसूण न घालता. तिळाचं तेल भाचीनं आणलं होतं. मी ते हुंगलं. भाजक्या तिळाचं, गडद, फार बोलकं तेल. चमचाभर घेतलं आणि बाकीची जागा करडईच्या तेलाला दिली. सोयासॉस कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाड्याला लागतो तोच, बाटलीतला. त्या बाटलीकडं बघून मला हसू आलं. आमच्या शिवारातल्या सोयाबीनचं तेल निघतं, पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते, पोत्यांचे ढिगारे लातूरच्या अडतीवर उभे राहतात. पण त्याच दाण्याला बुरशी लावून, खारवून, महिनोन्‌महिने मुरवून होणारा हा काळा रस मात्र आम्हांला चायनीजच्या नावानं विकत घ्यावा लागतो. लोणचं मुरवणाऱ्या मुलखाला हे जमलं नसतं असं नाही. कुणी करून बघितलं नाही, एवढंच.

तिखट मी घातलं ते सुक्या लाल मिरचीचं, हातानं चुरगाळलेलं. हवाईतही लोक मिरच्या मीठपाण्यात मुरवून ते पाणी जेवणावर शिंपडतात. मिरची मुळात ना त्यांची ना आमची, दोघांकडं ती अमेरिका खंडातून जहाजानं आली. पण दोघांनीही तिला असं घरात घेतलं की आता माहेर विचारण्यात अर्थ नाही.

मग कालवणं. भाची चमचा शोधत होती. मी तिला थांबवलं. मोठं पातेलं बर्फाच्या पाण्यात बसवलं, आधी मीठ आणि कारळाचं कूट, मग तेल, मग तिखट, कांद्याची पात, घोळ, आणि सोयासॉस अगदी शेवटी, थोडाच. आधी घातला तर मासा पाणी सोडतो आणि काळवंडतो. हात धुऊन, गार पाण्यात बुडवून, मी बोटं खाली घातली. बोंबलाच्या चटणीत हात घालणारी आई मला आठवली, पण स्पर्श निराळाच होता. तिकडं धागा, कोरड, खरखर. इकडं थंड, जड, निसटतं काहीतरी. तेल लागलं तसे तुकडे चमकायला लागले. कारळाचे काळे ठिपके लालावर उठून दिसत होते.

तेवढ्यात सासूबाई दारात. “काय करायलीस गं एवढं दार लावून?”

भाचीनं सांगून टाकलं. त्या जवळ आल्या, पातेल्यात डोकावल्या, आणि मला वाटलं आता भांडी वेगळी करायची, ओटा सारवायचा, सगळं होणार. त्यांनी फक्त वास घेतला आणि विचारलं, “तेल कुठलं?”

“करडईचं, आत्या. घाणीचं.”

“मग ठीक.” आणि आपल्यासाठी गरम भात, त्यावर उरलेलं कारळाचं कूट, तिखट आणि तेल असं वाढून घेऊन त्या देवघराच्या बाजूला जाऊन बसल्या. माशाला त्यांनी हात लावला नाही, त्यावर शब्द बोलल्या नाहीत. पण ताटात त्यांच्या जे होतं ते आमच्याही वाट्यांत होतं, मासा सोडून.

चवीचं खरं सांगते. पहिला घास मी भीतीनं घेतला. लहान मुलाला औषध द्यावं तसा पुष्कळ भाताआड लपवून. दुसऱ्या घासाला मासा लागला. त्याला स्वतःची अशी मोठी चव नाही. जराशी लोखंडी, जराशी गोड, आणि थंडी. खाली गरम भात आणि वर थंड मासा, हा विरोध तोंडात फार सुंदर जमतो; मसाल्यानं नाही, तापमानानं जेवण रंगतं हे मला नवीन होतं. घोळ कच्चकन्‌ मोडत होती. मिरची उशिरा, घशाजवळ लागत होती. आणि सगळ्यांच्या खाली, सगळ्यांना धरून, करडईचं तेल. भाची म्हणाली, तिच्या ऑफिसातल्यापेक्षा हे वेगळं आहे. चांगलं की वाईट, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ह्यांनी दोन घास खाल्ले, मान डोलावली, आणि उरलेलं तव्यावर परतून मिळेल का म्हणून विचारलं. परतून दिलं. ते दोन वाट्या भात जास्त जेवले.

मला विचाराल तर हा पदार्थ मी नांदेडात रोज करणार नाही. मासा बकऱ्याच्या मटणापेक्षा महाग पडला, वर तो आणणारी भाची पाहिजे, आणि रात्रभर न जाणारी वीज पाहिजे. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर करूच नये. कच्च्याचा हट्ट तिथं शोभत नाही. रोहूला तर कधीच असा हात लावणार नाही; रोहूला आग आणि येसर. पण मासा वगळून खाली जे राहतं, तो आंबेमोहोर भात, कारळं, घोळ, चुरगाळलेली मिरची, मीठ, कच्चं तेल, ते आता आमच्या घरात वारंवार होतं. त्यात कधी भाजलेलं वांगं, कधी उकडलेलं अंडं, कधी भाजलेला बोंबील हातानं मोडून. बोंबील सगळ्यांत चांगला. टूनापेक्षाही, असं मी म्हणते. भाची मानत नाही.

ती परत निघाली तेव्हा थर्माकोलचं खोकं रिकामं होतं. तिला त्यातून करडईचं तेल न्यायचं होतं, पाच लिटर. ऑफिसातल्या त्या हवाईवाल्याला दाखवायचंय म्हणाली. आम्ही दोघी घाणीवर गेलो. घाणीवाल्यानं मागं जाऊन पोती बघितली, दोन रिकामी पोती झटकली आणि म्हणाला, “करडई संपली ताई. यंदा पेरलीच कुणी? कुणी आणून टाकली तर काढून ठेवतो. तोवर शेंगदाण्याचं न्या.” भाची माझ्याकडं बघायला लागली. गाडीला दीड तास होता. आम्ही शेंगदाण्याचं घेतलं नाही. घरी जाऊन माझ्या बरणीतलं अर्धं तिला ओतून दिलं, आणि औशाला भावाला फोन लावला की येत्या रब्बीत ज्वारीच्या कडेनं चार काकऱ्या करडईच्या टाक. तो म्हणाला, काढायला बाया कुठून आणू ते आधी सांग.